डेव्हिड योंगी चो आणि सोलचं योइदो चर्च : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण कोरियाच्या राजधानीत १९५८ साली पाच-सहा माणसांनिशी सुरू झालेली एक मंडळी पन्नास वर्षांत आठ लाखांच्या घरात गेली. तिचे संस्थापक पाळक म्हणजे डेव्हिड योंगी चो. आपल्याकडे त्यांचं नाव निघालं की बोलणं दोनच वाटांनी जातं. कोणी म्हणतं, मंडळी वाढवावी तर चो यांच्यासारखी. कोणी म्हणतं, त्यांना तर कोर्टाने शिक्षा केली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण ती मंडळी ज्यांनी घरोघरी जाऊन उभी केली त्या बायकांबद्दल फारसं कोणी बोलत नाही. त्यामुळे इथे त्यांच्याबद्दल जास्त वाचायला मिळेल.

चो म्हणजे नेमके कोण?

पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती परंपरेतले कोरियन पाळक आणि योइदो फुल गॉस्पेल चर्चचे संस्थापक. जन्म १४ फेब्रुवारी १९३६ रोजी, आज उल्सान महानगरात मोडणाऱ्या उल्जू भागात. मृत्यू १४ सप्टेंबर २०२१ रोजी सोलमध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी. 'चो' हे आडनाव. कोरियात आडनाव आधी लिहितात, म्हणून तिथे ते 'चो योंग-गी'. १९९२ ते २००० या काळात ते असेंब्लीज ऑफ गॉड या पंथाच्या जागतिक संघाचे अध्यक्षही होते.

पॉल चो आणि डेव्हिड चो एकच का?

एकच. जुन्या पुस्तकांवर 'पॉल योंगी चो' असं नाव दिसतं. १९९२ पासून ते 'डेव्हिड' लावू लागले.

मेगाचर्च कशाला म्हणायचं?

दर आठवड्याच्या उपासनेला सरासरी दोन हजार किंवा त्याहून जास्त माणसं येणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळीला अभ्यासक मेगाचर्च म्हणतात. ही व्याख्या अमेरिकेतली. योइदोच्या मुख्य सभागृहात एका वेळी बारा हजार माणसं बसतात आणि रविवारी एकामागून एक कित्येक उपासना होतात. त्यामुळे ही व्याख्या तिथे तोकडी पडते.

ते जन्माने ख्रिस्ती होते का?

नाही, घर बौद्ध होतं. नऊ भावंडांत ते थोरले. वडिलांचा धंदा बुडाला, पाठोपाठ १९५० चं कोरियन युद्ध आलं. बुसानच्या तांत्रिक शाळेत शिकताना जवळच्या अमेरिकन छावणीतल्या सैनिकांशी बोलत बोलत ते इंग्रजी शिकले. पुढे सगळं आयुष्य या इंग्रजीने त्यांना साथ दिली.

सतरा-अठराव्या वर्षी त्यांना क्षय झाला. डॉक्टरांनी आशा सोडली होती, असं ते सांगत. त्यांच्या बहिणीची एक शाळकरी मैत्रीण त्यांना भेटायला येई आणि येशूविषयी बोले. त्यांनी तिला हाकलून लावलं तरी ती दुसऱ्या दिवशी परत येई. शेवटी तिने दिलेलं पवित्र शास्त्र त्यांनी वाचायला घेतलं आणि त्यातून ते विश्वासात आले. पुढे तब्येत सुधारली, मिशनऱ्यांचे दुभाषे म्हणून ते काम करू लागले आणि १९५६ मध्ये सोलच्या फुल गॉस्पेल बायबल स्कूलमध्ये दाखल झाले.

त्या मुलीचं नाव इतिहासात फारसं कुठे येत नाही. पण सुरुवात तिच्यापासून झाली, हे लक्षात असू द्या.

चर्च तंबूत सुरू झालं हे खरं का?

पहिली उपासना तंबूतही नव्हती, घरात होती. १८ मे १९५८ रोजी सोलच्या पश्चिमेकडच्या दायजो-दोंग या गरीब वस्तीत, चो यांच्या सहकारी चोई जा-शिल यांच्या घरी. हजर कोण? चो, चोई, चोईंची तीन मुलं आणि पावसातून आडोशाला आत आलेली एक म्हातारी. एवढीच मंडळी. थोड्याच दिवसांत अमेरिकन लष्कराच्या जुन्या तंबूचं कापड मिळालं. ते अंगणात ताणलं, जमिनीवर पेंढ्याच्या चटया अंथरल्या, आणि लोक 'तंबूवालं चर्च' म्हणू लागले.

युद्ध संपून तेव्हा पाचच वर्षं झाली होती. वस्तीत उत्तरेकडून आलेले निर्वासित, बेकारी, दारू. मेल्यावर मिळणाऱ्या स्वर्गाविषयी चो बोलत, तेव्हा समोरची बाई म्हणे, आज चुलीवर ठेवायला काही नाही, त्याचं काय? चो यांची पुढची सगळी शिकवण या प्रश्नाला उत्तर देण्याच्या धडपडीतून आली. ती पटो न पटो, तिचा उगम पोटभर जेवणाऱ्यांच्या वस्तीत नाही, हे तिच्यावर टीका करणाऱ्यांनीही ध्यानात घ्यायला हवं.

चोई जा-शिल कोण?

माझ्या मते या इतिहासातली सर्वांत मोलाची व्यक्ती. जन्म १९१५, आज उत्तर कोरियात असलेल्या हेजू इथला. पेशाने परिचारिका. आयुष्यात बरंच काही गमावल्यावर त्या चाळिशीत बायबल स्कूलला आल्या. तिथे स्वतःपेक्षा वीस-एकवीस वर्षांनी लहान असलेल्या चो यांच्या आजारपणात त्यांनी शुश्रूषा केली आणि ते नातं आई-मुलासारखं झालं. १९६५ मध्ये चोईंची मुलगी किम सुंग-हे हिच्याशी चो यांचं लग्न झालं, म्हणजे चोई त्यांच्या सासूबाईही झाल्या.

पहाटेपासून वस्तीत फिरणं, आजाऱ्यांजवळ बसणं, कोणाच्या घरी धान्य नाही ते हेरणं, हे काम त्या करत. उपासाच्या प्रार्थनेवर त्यांचा फार भर. १९७३ मध्ये सीमेजवळच्या ओसान्री इथे त्यांनी प्रार्थना-डोंगर सुरू केला. तिथे डोंगरात एकेका माणसाला बसता येईल अशा छोट्या खोल्या आहेत. लोक आत शिरतात, दार ओढून घेतात आणि तासन्‌तास प्रार्थना करतात. चोई १९८९ मध्ये वारल्या. त्या डोंगराला आज त्यांचं नाव आहे.

'सेल ग्रुप' पद्धत कशी निघाली?

१९६१ मध्ये मंडळी सोलच्या सोदेमुन भागात दीड हजार आसनांच्या इमारतीत आली. १९६४ पर्यंत सभासद अडीच-तीन हजारांवर गेले. सगळं काम चो एकटे ओढत होते: उपदेश, बाप्तिस्मे, लग्नं, मर्तिकं, भेटी. त्या वर्षी एका रविवारी, त्यांनीच लिहिल्याप्रमाणे, तीनशे जणांचा बाप्तिस्मा करून ते संध्याकाळी पाहुण्या उपदेशकाचं भाषांतर करायला उभे राहिले आणि व्यासपीठावरच कोसळले. वय अठ्ठावीस. पुढे बराच काळ त्यांना धड उभंही राहता येत नव्हतं.

अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी दोन उतारे पुन्हा वाचले. निर्गमच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला बजावतो की एकट्याने सगळ्यांचा न्याय करत बसलास तर तूही थकशील आणि लोकही; हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात पहिली मंडळी घरोघरी जेवत, प्रार्थना करत असे. यावरून त्यांनी ठरवलं की शहराचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात घरी जमणारे छोटे गट करायचे. हेच सेल ग्रुप.

ही कल्पना त्यांनी आधी डिकन, म्हणजे मंडळीच्या कामात हातभार लावणाऱ्या, पुरुषांपुढे ठेवली. पुरुषांनी सभ्यपणे अंग काढून घेतलं. आम्ही दिवसभर राबून येतो, आम्हाला शिकवण्याचं शिक्षण नाही, आणि हे तर तुमचं काम, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग स्त्रियांना विचारलं. त्या तयार झाल्या.

आणि सगळं सुरळीत झालं?

मुळीच नाही. सुरुवातीच्या गडबडी चो यांनी स्वतः मोकळेपणाने लिहून ठेवल्या आहेत आणि त्यांच्या लिखाणातला मला सर्वांत आवडणारा भाग तोच. पहिल्या घरी चहा-बिस्किटं झाली की दुसऱ्या घरी जेवण, तिसऱ्या घरी त्याहून चढ. मग ज्यांना परवडत नाही त्या आपल्या घरी बैठक ठेवायला कचरायला लागल्या. कुठे बैठक इतकी लांबे की नवरे वैतागत. कुठे सभासद एकमेकांकडून उसने पैसे घेत, फेड होईना की बोलणं बंद. कुठे गट तीस-चाळीसांवर जाई आणि अंगणातही मावेना. कुठे कोणीतरी बाहेरचा वक्ता परस्पर बोलावून आणी आणि तो भलतंच शिकवून जाई.

या प्रत्येक अडचणीतून एकेक नियम निघाला. खाणं साधं ठेवायचं. बैठकीला वेळेची मर्यादा. आपसात देणंघेणं बंद. दहा-पंधरा घरं झाली की गटाचे दोन गट करायचे, म्हणून आधीपासून एक सहायक घडवत ठेवायची. धडा मध्यवर्ती चर्चकडून लिहून येणार, तोच शिकवायचा. अर्पणाचा हिशेब वर द्यायचा. कोणी दोनदा आली नाही तर तिसऱ्यांदा तिच्या दारात जायचं. उपदेश ऐकून आणि पुस्तकं वाचून ही पद्धत उभी राहिली नाही. भांडणं मिटवता मिटवता ती बसली.

त्या बायका प्रत्यक्षात करायच्या काय?

चो यांनी सांगितलेलं एक उदाहरण. सोलमध्ये उंच अपार्टमेंट व्हायला लागली तशी शेजाऱ्याला शेजारी ओळखेना. एका सेल लीडर बाईंनी ठरवलं की शनिवारी काही तास आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्येच काढायचे. वर जायचं, खाली यायचं. कोणाच्या हातात मूल असेल तर पिशवी धरायची, कोणाचं बाजारातलं सामान जड असेल तर दारापर्यंत पोचवायचं. दारात दोन शब्द होत, पुढच्या वेळी चहा होई, मग कधीतरी घरची दुखणी-खुपणी निघत. अशा ओळखींतून त्यांचा गट वाढला.

सोलची लोकसंख्या १९६० मध्ये साधारण २४ लाख होती, १९९० मध्ये ती कोटीच्या पुढे गेली. खेड्यातून आलेल्या माणसाचं या शहरात कोणी नव्हतं. आजारी पडलं तर विचारपूस करणारं, मूल झालं तर शेगडीवर समुद्रशेवाळाचं सूप चढवणारं घरातलं माणूस गावी राहिलेलं. ती जागा या गटांनी भरली. अभ्यासक वाढीची बरीच कारणं देतात: पवित्र आत्म्याचा अनुभव, रोगमुक्तीच्या साक्षी, चो यांचं वक्तृत्व. सगळी ग्राह्य आहेत. पण चांगला वक्ता ऐकायला आलेला माणूस पुढच्या रविवारी पुन्हा येतो तो त्याची कोणीतरी वाट बघत असतं म्हणून, आणि वाट बघण्याचं काम या हजारो बायका करत होत्या.

त्या काळच्या कोरियात बायकांनी पुढारपण करणं चाललं का?

कुरबुर झालीच. कन्फ्यूशियन वळणाचा समाज, त्यात पौलाच्या पत्रांतले स्त्रियांनी गप्प राहण्याविषयीचे उतारे. चो यांनी सुरुवातीला तोड काढली की सेल लीडर स्त्रियांनी डोक्यावर टोपी घालायची, म्हणजे त्या पाळकाने दिलेल्या अधिकाराने बोलतात हे दिसेल. आज ही तडजोड खटकते. तरीही ज्या घरात सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नव्हती तिथे ती पंधरा माणसांना वचन समजावून सांगायला लागली, ही गोष्ट टोपीपेक्षा मोठी आहे.

योइदो बेटावर चर्च कधी गेलं?

बांधकाम १९६९ मध्ये सुरू झालं. योइदो म्हणजे हान नदीतलं वाळूचं बेट. तिथे पूर्वी विमानाची धावपट्टी होती. सरकारने तिथे नवं उपनगर वसवायचं ठरवलं आणि राष्ट्रीय संसदेची इमारतही तिथेच आली. चो यांनी वेळीच जागा घेतली, पण पैसे मध्येच संपले. ठेकेदारांची देणी थकली. अर्धवट इमारतीत ऊब नाही, वीज नाही, अशा अवस्थेत ते जमिनीवर बसून प्रार्थना करत.

त्या दिवसांतली एक आठवण ते वारंवार सांगत. सरकारी मदतीवर जगणारी एक वृद्ध बाई पुढे आली आणि तिने आपला जेवणाचा वाडगा आणि काड्या अर्पण म्हणून ठेवल्या. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. चो म्हणाले, हे मी घेऊ शकत नाही. ती रडायला लागली. म्हणाली, मी पुठ्ठ्यावर ठेवून हाताने जेवेन, पण देवाला द्यायला माझ्याजवळ एवढंच आहे. ते ऐकून लोकांनी घरं, दागिने विकून पैसे आणले. १९ ऑगस्ट १९७३ रोजी दहा हजार आसनांच्या नव्या सभागृहात पहिली उपासना झाली.

ही आठवण ध्यानात ठेवा. पुढे खटल्याचा प्रश्न येईल तेव्हा ती लागेल.

तिथली उपासना कशी असते?

गायनमंडळ, वाद्यवृंद, झगे, सगळं शिस्तीत. मग पाळक सांगतात आणि सगळे एकदम 'जूयो!' म्हणजे 'हे प्रभू!' अशी तीनदा हाक मारतात आणि प्रत्येक जण आपापली प्रार्थना मोठ्याने सुरू करतो. हजारो आवाज एका वेळी. कोणी रडतं, कोणी अन्य भाषांत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने ओठांवर येणाऱ्या अनोळखी शब्दांत, बोलतं. मग व्यासपीठावर छोटी घंटा वाजते आणि आवाज उतरत उतरत थांबतो. एकत्र मोठ्याने प्रार्थना करण्याची ही रीत चो यांनी काढलेली नाही. प्याँगयाँगमध्ये १९०७ साली झालेल्या संजीवनापासून, म्हणजे विश्वासाच्या मोठ्या जागृतीपासून, ती कोरियन प्रोटेस्टंट मंडळ्यांत रुजलेली आहे. पहाटेची प्रार्थनाही तशीच जुनी.

त्यांची शिकवण थोडक्यात काय?

'त्रिविध आशीर्वाद' हे तिचं नाव. योहानाच्या तिसऱ्या पत्राच्या दुसऱ्या वचनात लेखक आपल्या मित्रासाठी प्रार्थना करतो की जीव जसा कुशल आहे तसं सगळ्या गोष्टींत कुशल आणि आरोग्य लाभो. चो यांनी यावरून तीन गोष्टी मांडल्या: आत्म्याचं तारण, शरीराचं आरोग्य, संसाराची भरभराट. ख्रिस्ताच्या कार्यात तिन्हींचा समावेश आहे, असं ते शिकवत.

दुसरी कल्पना 'चौथी मिती'. या नावाचं त्यांचं पुस्तक १९७९ मध्ये आलं. मनात स्पष्ट चित्र धरून, नेमकं मागून, मिळाल्यासारखं बोलून प्रार्थना करावी, असा तिचा गाभा. तंबूच्या दिवसांत त्यांना टेबल, खुर्ची आणि सायकल हवी होती. महिने गेले, काही मिळेना. मग त्यांच्या मनात आलं की आपण नेमकं मागितलेलंच नाही. त्यांनी फिलिपिन्सच्या महोगनीचं टेबल, चाकांची खुर्ची आणि गिअरची अमेरिकन सायकल मागितली, आणि मिळण्याआधीच मंडळीला सांगून टाकलं की मला या तिन्ही गोष्टी मिळाल्या आहेत. पुढे त्या मिळाल्या, असं ते सांगतात.

मग हा 'समृद्धीचा उपदेश'च ना?

विश्वास ठेवला की देव पैसा आणि आरोग्य देतो, या शिकवणीला हे नाव आहे. बराचसा तोच. उपाशी वस्तीत 'देवाला तुझ्या पोटाचीही काळजी आहे' हे वाक्य सुवार्ता असतं. तेच वाक्य सोलच्या श्रीमंत भागात, शेअर बाजार वर जात असताना उच्चारलं की त्याचा अर्थ बदलतो. कोरिया बदलला, शिकवण त्या मानाने बदलली नाही. टीकाकारांनी आणखी दोन आक्षेप घेतले. एक म्हणजे यात कोरियातल्या शामानी, म्हणजे भगत-देवऋषींच्या, परंपरेतला इहलोकीच्या सुखासाठी साकडं घालण्याचा भाग शिरला आहे. दुसरा मिंजुंग धर्मज्ञांचा, म्हणजे दडपलेल्या सामान्य जनतेच्या बाजूने बोलणाऱ्या कोरियन ख्रिस्ती विचारवंतांचा: हुकूमशाहीच्या काळात कामगार आणि विद्यार्थी तुरुंगात जात असताना ही मंडळी वैयक्तिक आशीर्वादात गुंतून राहिली. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो.

त्यांना पाखंडी ठरवलं होतं का?

हो. कोरियातल्या एका मोठ्या प्रेस्बिटेरियन गटाने, तोंगहापने, १९८३ मध्ये त्यांच्या शिकवणीवर तसा ठपका ठेवला आणि १९९४ मध्ये तो मागे घेतला.

राजकारणाशी त्यांचा संबंध होता?

होता आणि तो कधी कधी भलत्या थराला गेला. २०११ मध्ये इस्लामी रोख्यांना करसवलत देणारं विधेयक सरकारने आणलं, तेव्हा ते पुढे रेटलं तर अध्यक्ष ली म्युंग-बाक यांना खाली खेचू, अशा अर्थाचं ते बोलले. ली स्वतः एका प्रेस्बिटेरियन मंडळीचे 'वडील', म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या पुढाऱ्यांपैकी एक, होते. त्याच वर्षी मार्चमध्ये जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली. तिचा संबंध त्यांनी तिथल्या मूर्तिपूजेशी जोडला आणि कोरियातच त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. हजारो माणसं मेली असताना पाळकाने असं बोलणं अक्षम्य होतं.

मंडळीने समाजासाठी काय केलं?

१९८८ मध्ये 'कुकमिन इल्बो' हे दैनिक सुरू केलं, ते आजही निघतं. गुनपो इथे बेघर वृद्ध आणि बेरोजगार तरुणांसाठी एलिम नावाचं केंद्र उभारलं. १९८० च्या दशकात रद्दी गोळा करून, विकून त्या पैशांतून गरीब मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया केल्या. १९९९ मध्ये 'गुड पीपल' ही मदतसंस्था काढली. २००७ मध्ये उत्तर कोरियाच्या राजधानीत हृदयरोग रुग्णालयाचं काम सुरू केलं. दोन्ही देशांचे संबंध बिघडल्यावर २०१० मध्ये ते थांबलं.

पैशांचा खटला नेमका काय होता?

२००२ मध्ये चर्चने चो यांचे थोरले चिरंजीव चो ही-जून यांच्या ताब्यातले एका कंपनीचे शेअर बाजारभावापेक्षा कितीतरी चढ्या दराने विकत घेतले. त्यात मंडळीचं सुमारे तेराशे कोटी वॉनचं, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने साधारण १.२ कोटी डॉलरचं नुकसान झालं. तक्रार केली ती मंडळीतल्याच 'वडिलांनी', म्हणजे पुढाऱ्यांनी. फेब्रुवारी २०१४ मध्ये सोलच्या न्यायालयाने चो यांना विश्वासभंगाबद्दल दोषी ठरवून तीन वर्षांची शिक्षा दिली, पण ती पाच वर्षांसाठी स्थगित ठेवली. त्याच निकालात मुलाला तुरुंगवासाची शिक्षा झाली. अपिलात चो यांची शिक्षा कमी होऊन अडीच वर्षं, तीही स्थगित, अशी झाली आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम केली. म्हणजे ते स्वतः तुरुंगात गेले नाहीत. पण दोषी ठरले, आणि ते शेवटपर्यंत.

त्यांच्या बाजूने सांगितलं जातं की मुलाने आणि भोवतालच्या माणसांनी कागद पुढे केले, त्यांनी विश्वासाने सही केली. हे खरं मानलं तरी प्रश्न सुटत नाही. वाडगा आणि काड्या देणाऱ्या त्या बाईच्या पैशांवर सही करताना कागद वाचायला हवा होता.

मला यात एक गोष्ट फार लागते. सेल ग्रुपमध्ये नियम होता की सभासदांनी आपसात पैशांचं देणंघेणं करायचं नाही आणि अर्पणाचा हिशेब वर द्यायचा. वस्तीतल्या गृहिणीला जो नियम होता, तो संस्थापकाच्या घराला लागू झाला नाही. पत्नी विद्यापीठाच्या प्रमुख, एक मुलगा उद्योगांत, एक वृत्तपत्रात, आणि त्यांना अडवू शकेल असं कोणी वर नाही. हिशेब खालून वर जात होता. वरून खाली कधी आला नाही.

त्यांनी माफी मागितली का?

२०११ च्या एप्रिलमध्ये, खटल्याआधी, घरच्यांचा चर्चच्या संस्थांतला वावर चव्हाट्यावर आला तेव्हा त्यांनी व्यासपीठावर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून मंडळीची माफी मागितली होती. पंचाहत्तर वर्षांचे होते. वडिलांपैकी बऱ्याच जणांना ती पुरेशी वाटली नाही, आणि पुढची तक्रार त्यांनीच केली. ते ठाम राहिले म्हणून मला त्यांचा आदर वाटतो. आपल्या बाप्तिस्मा देणाऱ्याविरुद्ध साक्ष देणं सोपं नसतं.

चो यांच्यानंतर चर्च कोणाकडे गेलं? मुलाकडे?

नाही. कोरियातल्या कित्येक मोठ्या मंडळ्या बापाकडून मुलाकडे गेल्या, त्यावरून वादही झाले. योइदोमध्ये २००६ साली वडिलांनी मतदान करून ली यंग-हून यांना निवडलं आणि २००८ मध्ये त्यांनी सूत्रं हातात घेतली. ली लहानपणापासून याच मंडळीत वाढलेले. त्यांच्या काळात उपनगरांतल्या शाखा टप्प्याटप्प्याने स्वतंत्र मंडळ्या झाल्या.

आठ लाख सभासद हा आकडा खरा मानायचा?

नोंदवहीतला आकडा म्हणून हो. १९७९ मध्ये एक लाख, १९८१ मध्ये दोन लाख, १९९३ मध्ये गिनीज बुकाने सात लाखांची नोंद घेतली, २००७ मध्ये ८ लाख ३० हजार. पण नोंदलेले सभासद आणि रविवारी प्रत्यक्ष येणारे यांत मोठं अंतर असतं. शाखा वेगळ्या झाल्यावर आकडा बराच खाली आला.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध आहे का?

चो यांच्याशी थेट असा नाही, पण स्त्रियांच्या बाजूने आहे. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या आश्रमातल्या मुली-बायकांत मोठं संजीवन झालं, त्या टोळ्या करून गावोगाव सुवार्ता सांगायला गेल्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटचं संजीवन, ज्यापासून पेंटेकॉस्टल चळवळ मोजली जाते, ते १९०६ चं. म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यात, विधवा आणि दुष्काळातून वाचलेल्या मुलींमध्ये, ते आधीच घडलं होतं. पेंटेकॉस्टल इतिहास सांगताना सोलच्या मंडळीचं नाव पहिल्या दमात येतं आणि केडगावचं येत नाही, हे आपणच बदलायला हवं.

आज मुंबई-पुण्याच्या बऱ्याच मंडळ्यांत आठवड्याच्या घरगुती प्रार्थनेला 'सेल' म्हणतात. तो शब्द चो यांच्या पद्धतीचा प्रसार झाल्यावर जगभर पसरला.

आमच्या मंडळीत सेल ग्रुप सुरू करायचे आहेत. काय लक्षात ठेवू?

चहाच्या पुढे खाणं नेऊ नका. वेळ ठरवा आणि पाळा. सहायक पहिल्या दिवसापासून तयार करा, नाहीतर गट फुटायची वेळ आली की भांडण होतं. उसनवारीला सक्त मनाई करा, अगदी भिशीसुद्धा गटात आणू नका. ज्या बहिणी हे काम करणार त्यांना मंडळीच्या कमिटीतही जागा द्या. काम त्यांचं आणि निर्णय पुरुषांचे, असं ठेवू नका. आणि वर्षातून एकदा मंडळीचा जमाखर्च, पाळकाच्या मानधनासकट, बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासून फलकावर लावा.

सोलला गेलो तर तिथे उपासनेला बसता येतं का?

येतं. मेट्रोच्या ९ नंबरच्या मार्गावर राष्ट्रीय संसद स्थानकाला उतरायचं, तिथून चालत जाता येतं. परदेशी पाहुण्यांना बसायची वेगळी जागा असते आणि उपदेशाचं भाषांतर हेडफोनवर अनेक भाषांत ऐकता येतं. रविवारी अर्धा तास आधी पोचलेलं बरं, कारण एक उपासना सुटते आणि दुसरी भरते त्या मधल्या वेळेत दारांशी फार गर्दी होते.